चार्ली चॅप्लिनच्या आईचं माहेर: इंग्लंडमधल्या साध्या बाईचा वंशवृक्ष कसा शोधतात

चार्ली चॅप्लिन आपल्याकडे घराघरात माहितीय, पण त्याच्या आईचं नाव विचारलं तर फार थोड्यांना सांगता येईल. हॅना. माहेरची हॅना हॅरिएट पेडलिंगहॅम हिल, जन्म ६ ऑगस्ट १८६५, दक्षिण लंडनमधल्या वॉलवर्थ या गरीब वस्तीतला. वडील बूट शिवणारे. ती स्वतः लिली हार्ली या नावाने म्युझिक हॉलमध्ये गायची, पण आवाज गेला, नवरा बाजूला झाला, मग शिवणकामावर घर, मग वर्कहाऊस म्हणजे कंगालांना ठेवायचं सरकारी आश्रयगृह, मग मनोरुग्णालय. मुलगा जगभर गाजला म्हणून तिचं नाव राहिलं, नाहीतर त्या काळच्या लंडनमध्ये अशा हजारो बायका होत्या आणि त्यांना कोणी विचारत नाही. म्हणूनच मी समजावताना तिचंच उदाहरण घेतेय, कारण तिला शोधायला जी कागदपत्रं लागतात तीच कुठल्याही साध्या इंग्लिश बाईला शोधायला लागतात.

मुळात अडचण काय आहे ते आधी सांगते. इंग्लंडमधला पुरुष जन्मापासून मरेपर्यंत एकाच आडनावाने सापडतो, त्यामुळे बापाकडून बापाकडे जात राहिलं की दोनशे वर्षं मागे जाणं तसं सोपं असतं, आणि बरेच हौशी लोक तेवढंच करतात आणि त्यालाच 'आमचा वंशवृक्ष' म्हणतात. बाई मात्र लग्न झालं की आडनाव बदलते, विधवा होऊन परत लग्न केलं की परत बदलते, आणि प्रत्येक वेळी कागदावर जणू नवीनच माणूस उभं राहतं. आपल्याकडे तर लग्नात पहिलं नावही बदलायचे, त्यामानाने इंग्लंडमध्ये निदान मेरीची मेरीच राहते, पण त्याचाही फार उपयोग नाही, कारण दोन-तीन शतकं निम्म्या गावाच्या मुली मेरी, अॅन, एलिझाबेथ, सारा, जेन याच नावांच्या. त्यात घरातली नावं वेगळी. मेरीला पॉली म्हणणार, अॅनला नॅन्सी, साराला सॅली, मार्गारेटला पेगी, आणि कारकून ऐकेल ते लिहिणार.

त्यामुळे बाई शोधायची म्हणजे तिचं आडनाव जिथे जिथे बदललं ते सांधे शोधायचे. लग्न, मुलांचे जन्म, वैधव्य, दुसरं लग्न. या सांध्यांवर दोन्ही नावं एकत्र लिहिलेली मिळतात.

आता कागदांकडे येऊ. इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. म्हणजे त्यानंतरची बाई असेल तर काम बऱ्यापैकी सरळ आहे. उलटं जायचं, तुम्हाला पक्की माहीत असलेली सगळ्यात जवळची व्यक्ती घ्यायची, तिचा जन्मदाखला मागवायचा, त्यात आईचं माहेरचं आडनाव असतं, त्यावरून आईबापाचं लग्न शोधायचं, लग्नाच्या दाखल्यावरून मुलीच्या बापाचं नाव घ्यायचं, मग तिचा जन्मदाखला, आणि असंच मागे मागे. एकही पायरी गाळायची नाही. 'आमची पणजी कोणा लॉर्डची मुलगी होती म्हणे' अशा घरच्या गोष्टीवरून सुरुवात केली तर वर्षभर भलत्याच घराण्यात फिरत बसाल.

इंग्लिश जन्मदाखल्यातला आईचा रकाना हा या सगळ्यातला माझ्या मते सगळ्यात मोलाचा रकाना. त्यात आईचं नाव, सासरचं आडनाव आणि माहेरचं आडनाव असतं. आणि आईचं आधी एक लग्न झालेलं असेल तर तिसरं आडनावही लिहायची पद्धत होती, म्हणजे आत्ताची अमुक, मधली तमुक, मूळची फलाणी असं. हे का महत्त्वाचं, तर हॅनाचीच आई बघा. तिचं नाव मेरी अॅन. तिने हॅनाच्या वडिलांशी म्हणजे चार्ल्स हिलशी लग्न केलं तेव्हा ती विधवा होती, पहिल्या नवऱ्याचं आडनाव हॉजेस, आणि जन्माने ती टेरी. एखाद्याने फक्त लग्नाची नोंद बघून 'मेरी अॅन हॉजेस' नावाच्या मुलीचा जन्म शोधायला घेतला तर मिळणार नाही किंवा, त्याहून वाईट, त्या नावाची दुसरीच कोणीतरी मिळेल आणि तिथून पुढचं सगळं झाड परक्यांचं होईल. हा घोळ ऑनलाइन वंशवृक्षांमध्ये प्रचंड आहे. विधवेचं पहिल्या सासरचं आडनाव माहेरचं समजून लोक बिनधास्त चिकटवतात, आणि बाकीचे ते कॉपी करतात.

दाखले मागवायला आधी इंडेक्समधून, म्हणजे नोंदींच्या नाववार यादीतून, नोंद शोधावी लागते. जुन्या छापील इंडेक्समध्ये वर्षाच्या चार तिमाह्या असायच्या आणि आईचं माहेरचं आडनाव १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच दिसायचं, त्याआधी नाही. पण २०१६ मध्ये जनरल रजिस्टर ऑफिसने, म्हणजे या नोंदी सांभाळणाऱ्या सरकारी कचेरीने, स्वतःचा नवा ऑनलाइन इंडेक्स काढला, त्यात आईचं माहेरचं आडनाव थेट १८३७ पर्यंत मागे दिलंय आणि मृत्यूच्या नोंदीत वयही. बायका शोधणाऱ्यांसाठी याच्याइतकी मोठी सोय दुसरी झालेली नाही, असं मला मनापासून वाटतं. कारण आता सासरचं आणि माहेरचं अशी दोन आडनावं टाकली की त्या जोडप्याची सगळी मुलं एकाखाली एक दिसतात, अगदी जी महिन्याभरात गेली, जी कुठल्याच जनगणनेत आली नाहीत, ती पण. आणि त्याच इंडेक्समध्ये आईच्या माहेरच्या आडनावाची जागा रिकामी दिसली तर बहुतेक वेळा अर्थ असा की मूल लग्नाबाहेरचं आहे आणि त्याला आईचंच आडनाव लागलंय. हॅनाचा मोठा मुलगा सिडनी असाच, १६ मार्च १८८५ चा जन्म, आडनाव हिल. चार्लीच्या वडिलांशी, म्हणजे थोरल्या चार्ल्स चॅप्लिनशी, तिचं लग्न झालं त्यानंतर तीन महिन्यांनी, २२ जून १८८५ ला.

लग्नाच्या दाखल्याबद्दल मात्र राग येतो. वर आणि वधू, दोघांच्या वडिलांची नावं आणि धंदे लिहायला रकाने होते, आयांसाठी रकानाच नव्हता. १८३७ पासून ते थेट मे २०२१ पर्यंत, म्हणजे जवळजवळ १८४ वर्षं. म्हणून बाईचा बाप सापडतो आणि आई सापडत नाही, तिच्यासाठी परत जन्मदाखल्याकडेच जावं लागतं. वधूच्या धंद्याचा रकानाही बऱ्याचदा कोरा, जरी ती रोज बारा तास गिरणीत किंवा दुसऱ्याच्या घरी भांडी घासत असली तरी. वयाच्या जागी कित्येकदा 'सज्ञान' एवढंच लिहिलेलं, त्याचा अर्थ २१ किंवा जास्त, आणि २१ च्या खाली आईबापाची परवानगी लागत असल्यामुळे मुलं-मुली सरळ वाढवून सांगायची. सही बघा. १८४० च्या सुमाराला निम्म्या वधू सहीऐवजी फुली मारायच्या. आणि साक्षीदार बघा, हे लोक हमखास विसरतात. साक्षीदारांत मुलीची बहीण किंवा भाऊ किंवा बहिणीचा नवरा असतो, आणि एकाच नावाच्या दोन मेरींपैकी आपली कुठली हे ठरवायला तोच पुरावा होतो.

मृत्यूच्या दाखल्यातही बाईचा धंदा म्हणून बहुतेकदा 'अमक्या गवंड्याची बायको' किंवा 'तमक्या मजुराची विधवा' असं लिहिलेलं असतं. वाचायला वाईट वाटतं, पण शोधायला उपयोगी, कारण नवऱ्याचं नाव आणि काम एका ओळीत हातात येतं. मृत्यूची खबर कोणी दिली त्याचंही नाव असतं, आणि ती बऱ्याचदा लग्न झालेली मुलगी असते, नव्या आडनावाची. एक सांधा फुकटात मिळाला.

जनगणना दर दहा वर्षांनी, पण माणसांची नावं देशभर व्यवस्थित मिळतात ती १८४१ पासून. त्या वर्षी मोठ्यांची वयं पाचच्या पटीत खाली आणून लिहिलेली आहेत, म्हणजे ३९ वर्षांची बाई ३५ दिसते, आणि घरातल्यांचं एकमेकांशी नातं लिहिलेलंच नाही. १८५१ पासून नातं आणि जन्माचं पॅरिश (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव किंवा वस्ती) मिळतं आणि मग खरी मजा. घरात 'सासू' म्हणून कोणी राहत असेल तर लगेच नाचावं, कारण तिचं आडनाव म्हणजे बायकोचं माहेर, अर्थात सासूने दुसरं लग्न केलेलं नसेल तर. तसंच 'मेहुणी', 'भाची', 'पाहुणी' अशा नोंदी सोडायच्या नाहीत. कुठलीही बाई स्वतःच्या आईच्या जवळपासच राहत असेल हेही धरून चालावं, गरिबाला पोरं सांभाळायला आईच असते. म्हणून एक पान सापडलं की पुढची-मागची चार पानं वाचायची, आख्खी गल्ली वाचायची.

१९११ ची जनगणना बायकांसाठी खास आहे. त्यात लग्न झालेल्या बाईला विचारलं होतं की लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, जिवंत किती, गेली किती. आणि तो कागद घरातल्याच माणसाने भरलेला. झाली अकरा, जिवंत सहा, गेली पाच, असं एका ओळीत वाचलं की क्षणभर पुढे जाता येत नाही. आणि मग ती पाच मुलं नावानिशी शोधायची असतात, त्यासाठी वरचा तो नवा इंडेक्स. त्याच वर्षी एखादी बाई यादीत दिसलीच नाही तर तेही तपासावं, कारण मताधिकारासाठी लढणाऱ्या काही बायकांनी त्या जनगणनेवर बहिष्कार टाकला होता. त्यांच्यातली एमिली डेव्हिसन तर त्या रात्री पार्लमेंटच्या इमारतीत एका कपाटात लपून बसली होती.

१९२१ ची जनगणना २०२२ मध्ये खुली झाली, १९३१ ची १९४२ मधल्या आगीत जळाली, १९४१ ला युद्धामुळे झालीच नाही. म्हणून मधल्या खड्ड्यासाठी १९३९ चं रजिस्टर वापरतात, २९ सप्टेंबर १९३९ ला युद्धाच्या ओळखपत्रांसाठी घेतलेलं. ते नंतर आरोग्यसेवेसाठी १९९१ पर्यंत वापरात होतं, त्यामुळे एखाद्या तरुण मुलीचं पुढे लग्न झालं की कारकुनाने तिचं जुनं आडनाव खोडून वर नवं लिहिलंय. त्या काळच्या सरकारी कागदात माहेर आणि सासर एकाच ओळीत, तेही जन्मतारखेसकट, असं दुसरीकडे क्वचितच बघायला मिळतं.

आता ज्या भागाबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय तो. लोकांना वाटतं की गरीब बाईचे कागद नसणार, श्रीमंतांचेच असणार. साध्या बायकांच्या बाबतीत पुष्कळदा उलटं असतं. खाऊनपिऊन सुखी, नवऱ्याबरोबर शांतपणे संसार केलेली दुकानदाराची बायको जन्म, लग्न, मृत्यू आणि काही जनगणना एवढ्यावर संपते. १८८३ च्या आधी तर लग्न झालेल्या बाईला कायद्याने स्वतःची मालमत्ताच जवळपास नसायची, त्यामुळे तिचं मृत्युपत्रही सहसा नाही, मृत्युपत्रं मिळतात ती विधवांची आणि अविवाहितांची. पण जिच्यावर सरकारी मदत मागायची वेळ आली तिला अधिकाऱ्यासमोर बसून सगळं सांगावं लागायचं. कुठे जन्मलीस, लग्न कधी, कुठल्या चर्चमध्ये, नवरा कुठाय, घरभाडं किती, मुलं किती नि किती वर्षांची. कारण प्रत्येक पॅरिशला एकच काळजी, हिचा खर्च आपल्या डोक्यावर पडतोय की दुसऱ्या पॅरिशच्या. आणि नियम असा की लग्न झालेल्या बाईचं हक्काचं पॅरिश म्हणजे नवऱ्याचं पॅरिश. नवरा मेला की जिथे ती आयुष्यात कधी गेली नाही अशा गावी तिला मुलांसकट पाठवून देता यायचं. अशा चौकशीचे कागद आणि परत पाठवण्याचे हुकूम आजही काउंटीच्या अभिलेखागारांत आहेत आणि त्यात त्या बाईचं आयुष्य तिच्याच जबानीतून लिहिलेलं मिळतं. लिहून घेणारा परका, प्रश्न त्याचे, पण उत्तरं तिची.

हॅनाचंही तेच. १८९६ मध्ये ती दोन पोरांना घेऊन वर्कहाऊसमध्ये गेली, तिथून पोरांना हॅनवेलच्या गरीब मुलांच्या शाळेत पाठवलं, आणि चार्ली तेव्हा सात वर्षांचा. १८९८ च्या सप्टेंबरमध्ये तिला केन हिलच्या मनोरुग्णालयात नेलं, १९०३ मध्ये परत. या प्रत्येक ठिकाणी तारीख, वय, धर्म, जवळचा नातेवाईक असं लिहून ठेवायचे. नवरा पोसत नाही म्हणून गरिबांच्या मदतीचा कारभार बघणाऱ्या गार्डियन मंडळाने त्याच्या मागे वॉरंट लावलं त्याचाही माग आहे. तिची आई मेरी अॅन, तीही १८९३ मध्ये मनोरुग्णालयात गेली. म्हणजे आजी, आई, नातू अशा तीन पिढ्यांची गोष्ट जुळवता येते ती मोठ्या प्रमाणावर गरिबीच्या कागदांमुळे. लंडनचे असे रजिस्टर लंडन आर्काइव्हजमध्ये आहेत आणि बरेचसे स्कॅन होऊन अॅन्सेस्ट्री या वंशावळीच्या वेबसाइटवर आलेत. हॅना आणि पोरं राहिली ते लॅम्बेथचं वर्कहाऊस ज्या रेनफ्रू रोडवर होतं तिथल्या उरलेल्या इमारतीत आता सिनेमाचं म्युझियम आहे.

आणि एवढं सगळं असूनही खुद्द चार्लीचा जन्मदाखला सापडलेला नाही. १६ एप्रिल १८८९ ही तारीख सगळे मानतात, १८७५ पासून जन्म नोंदवला नाही तर दंड होता, तरीही नोंद नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या सांगण्यावरून ब्रिटिश गुप्तहेर खात्याने, एमआय फाइव्हने, सुद्धा शोधलं आणि त्यांच्याही हाताला काही लागलं नाही, ती फाइल २०१२ मध्ये खुली झाली. चॅप्लिनच्या मृत्यूनंतर त्याच्या घरात एक पत्र निघालं, कोणीतरी लिहिलेलं की तुझा जन्म बर्मिंगहॅमजवळ जिप्सींच्या गाडीत झाला. आता हे खरं असू शकतं किंवा नसू शकतं, एका पत्रावरून ठरत नाही. तुमच्या पणजीची नोंद सापडत नसेल तर लगेच तिने नाव बदललं, ती पळून आली अशा कहाण्या रचू नका. नोंद झाली नसेल, कारकुनाने आडनाव चुकीचं लिहिलं असेल, किंवा स्कॅन वाचणाऱ्याने एचचा एन केला असेल. भावंडांचे दाखले मागवा, आई तीच असते.

१८३७ च्या मागे गेलात की चर्चची रजिस्टरं. १५३८ मध्ये राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेलने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न, दफन लिहून ठेवावं, पण सगळीकडची टिकलेली नाहीत. इथे बाई अजून धूसर होते. बाप्तिस्म्याच्या नोंदीत 'जॉन आणि मेरीची मुलगी' एवढंच, कधीकधी मेरीही नाही, नुसता जॉन. १८१३ पासून छापील फॉर्म आले, त्यात बापाचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण येतं, आईचं माहेर तरीही नाही. त्यामुळे लग्न शोधल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि लग्न सहसा मुलीच्या पॅरिशमध्ये व्हायचं. म्हणून नवऱ्याच्या गावी लग्न मिळालं नाही तर आजूबाजूची सात-आठ मैलांतली गावं बघायची. पहिल्या मुलाचा बाप्तिस्माही कधीकधी आईच्या माहेरी, तेही लक्षात ठेवा. मार्च १७५४ पासून लग्नाच्या रजिस्टरमध्ये दोघांची आणि साक्षीदारांची सही किंवा फुली घेणं कायद्याने आलं, त्याच्या आधी नुसती दोन नावं. जुन्या तारखांत एक फसगत असते, १७५२ च्या आधी इंग्लंडचं वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे फेब्रुवारी १७३० लिहिलेलं म्हणजे आपल्या हिशोबाने फेब्रुवारी १७३१.

लग्नाआधी मूल झालेल्या बाईला पॅरिशचे अधिकारी बापाचं नाव सांगायला लावायचे आणि त्या माणसाकडून खर्चाचा करार लिहून घ्यायचे. फार अपमानाचा प्रकार, पण रजिस्टरमध्ये कोरा असलेला बाप तिथे सापडतो.

डीएनएबद्दल सगळे विचारतात म्हणून थोडक्यात. आईकडून मुलांना मिळणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए पिढ्यानपिढ्या फारसा बदलत नाही, आणि तो पुढे फक्त मुलींमार्फत जातो. १४८५ मध्ये मेलेल्या राजा तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टरच्या कार पार्कखाली मिळाला, तेव्हा ओळख पटवायला त्याच्या बहिणीपासून मुलगी, तिची मुलगी, तिची मुलगी अशा ओळीतून आलेल्या आजच्या वंशजांचा डीएनए लागला. राजाची ओळख त्या बायकांच्या ओळीने दिली. पण अशी ओळ आधी कागदावर बांधावी लागते, म्हणून कागदाला पर्याय नाही. आपली खापरपणजी म्हणजे आपल्या १६ खापरपणजोबा-पणजींपैकी एक, तिचा वाटा सरासरी सव्वासहा टक्के, तेवढ्यावर नेहमीच्या टेस्टमध्ये दूरचे चुलत-मावस सापडू शकतात. घरातल्या मोठ्यांना आधी विचारल्याशिवाय टेस्ट करू नये असं माझं मत, कारण त्यातून निघालेली गोष्ट परत आत घालता येत नाही.

आपल्याशी याचा थेट संबंध कुठे, तर मुंबई इलाख्यात. पुणे, खडकी, देवळाली, अहमदनगर इथल्या छावण्यांत इंग्लिश सैनिकांच्या बायका राहिल्या, बाळंत झाल्या, मेल्या. त्यांच्या बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवल्या जायच्या आणि त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत, मुंबई इलाख्याचा गट वेगळा आहे. तिथे सैनिकाची विधवा काही महिन्यांत, कधी काही आठवड्यांत त्याच रेजिमेंटमधल्या दुसऱ्याशी लग्न करताना दिसते. तिला नावं ठेवायच्या आधी एवढं समजून घ्यावं की नवरा गेल्यावर तिचा शिधा थोड्याच दिवसांनी बंद व्हायचा आणि घर सहा हजार मैलांवर. म्हणजे खडकीत आडनाव दोनदा-तीनदा बदललेली बाई असू शकते, आणि तिला शोधताना रेजिमेंटचं नाव धरून ठेवायचं, आडनाव नाही. आणि याच रजिस्टरांत काही मुलांच्या बाप्तिस्म्यात बापाचं पूर्ण नाव आहे आणि आईची जागा कोरी, किंवा नुसतं एक ख्रिश्चन नाव. त्यातल्या कित्येक मुलांच्या आई इथल्याच बायका होत्या. त्यांचा माग इंग्लंडच्या कागदात मिळणार नाही, तो बापाच्या मृत्युपत्रात एखाद्या ओळीत असतो, घर चालवणाऱ्या बाईला इतके रुपये, असा. ती मृत्युपत्रंही त्याच दप्तरात आहेत, आणि फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीच्या मोफत डेटाबेसमध्ये बापाचं नाव टाकून शोधायला सुरुवात करता येते.